हवेचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : स्वान्ते अऱ्हेनियस

माणूस जंगल तोडतो, नदीला बांध घालतो, डोंगर पोखरून खाणी काढतो. असे बदल डोळ्यांना दिसतात. परंतु माणसाच्या हातून अवघ्या पृथ्वीचे हवामान बदलू शकेल, हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी फार थोड्यांच्या मनाला शिवला होता. वातावरण इतके अफाट आहे, की चुलीतला आणि गिरणीच्या धुराड्यातला धूर त्यात कुठल्या कुठे विरून जातो, अशीच सर्वसाधारण समजूत होती. दगडी कोळसा जाळल्याने निर्माण होणारा एक वायू हवेत साठत गेला, तर पृथ्वीचे तापमान किती अंशांनी वाढेल, याचा पहिला सविस्तर हिशेब मांडला तो स्वीडनमधील शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी हा हिशेब हाती घेतला, तो प्रश्न मात्र वेगळाच होता.

स्वान्ते यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1859 रोजी स्वीडनमधील उप्साला या विद्यापीठाच्या गावाजवळ विक येथे झाला. त्यांचे वडील जमिनीची मोजणी करण्याच्या कामावर होते. पुढच्याच वर्षी हे कुटुंब उप्सालाला राहायला आले. स्वान्ते तीन वर्षांचा असतानाच कोणी न शिकवता वाचायला शिकला. वडील हिशेबाच्या वह्या लिहीत बसत, तेव्हा तो शेजारी बसून आकड्यांकडे टक लावून पाही. बेरजा-वजाबाक्यांची गोडी त्याला अशी घरातच लागली. आकड्यांशी जडलेले हे नाते आयुष्यभर टिकले.

शालेय शिक्षण संपवून 1876 मध्ये ते उप्साला विद्यापीठात दाखल झाले. तेथील पदार्थविज्ञानाच्या अध्यापनाने त्यांचे समाधान होईना. म्हणून 1881 मध्ये त्यांनी राजधानी स्टॉकहोम गाठली आणि विज्ञान अकादमीतील प्राध्यापक एडलुंड यांच्या हाताखाली काम सुरू केले. त्यांनी निवडलेला विषय वरवर साधा होता. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. कोरड्या मिठातूनही ती वाहत नाही. मग मीठ पाण्यात विरघळवले, की त्या द्रावणातून वीज सहज का वाहू लागते? अऱ्हेनियस यांच्या मनात याचे एक धाडसी उत्तर आकार घेत होते. मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि हेच कण वीज वाहून नेतात, असे ते उत्तर होते. अशा कणांना आज आपण आयन म्हणतो.

या विषयावरील दीडशे पानांचा प्रबंध त्यांनी 1884 मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला. तेथील प्राध्यापकांना ही कल्पना रुचली नाही. सोडियम हा पाण्यात टाकताच भडकणारा धातू आणि क्लोरीन हा विषारी वायू. हे दोन्ही साध्या मिठाच्या पाण्यात सुटे राहतात, यावर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न त्या काळातील रसायनशास्त्रज्ञांना पडत असे. भारित कण आणि मूळ पदार्थ यांचे गुणधर्म सर्वस्वी भिन्न असतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. प्रबंध नाकारला गेला नाही, पण त्याला चौथी श्रेणी देण्यात आली. एवढ्या खालच्या श्रेणीच्या बळावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळणे कठीण होते.

अऱ्हेनियस खचले नाहीत. त्यांनी आपल्या प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड या तरुण प्राध्यापकाला त्यातील विचार इतका मोलाचा वाटला, की तो स्वतः प्रवास करून उप्सालाला आला आणि त्याने अऱ्हेनियस यांना रीगा येथे नोकरी देऊ केली. घरी वडील आजारी असल्यामुळे अऱ्हेनियस लगेच जाऊ शकले नाहीत. परंतु बाहेरच्या विद्वानाने दाखवलेली ही कदर पाहून उप्साला विद्यापीठालाही त्यांना अध्यापकपद द्यावे लागले. पुढे 1886 पासून त्यांनी ओस्टवाल्ड, कोलराऊश, बोल्ट्झमन, व्हान्ट हॉफ अशा थोर शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांतून काम केले. 1887 मध्ये त्यांनी आयनांचा सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग किती वाढतो, हे सांगणारे समीकरण त्यांनी 1889 मध्ये दिले. आजही ते समीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

1891 मध्ये ते स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात अध्यापक झाले आणि 1895 मध्ये तेथेच प्राध्यापक झाले. या शहरात पदार्थविज्ञान, भूगर्भशास्त्र, हवामानशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांचे अभ्यासक एकत्र जमत आणि पृथ्वी, समुद्र, आकाश यांविषयीच्या कूटप्रश्नांवर चर्चा करत. त्यांतील एक प्रश्न हिमयुगाचा होता. प्राचीन काळी उत्तर युरोप बर्फाच्या प्रचंड थराखाली गाडला गेला होता, हे तोवर सिद्ध झाले होते. बर्फाने वाहून आणलेल्या अवजड शिळा आणि खडकांवर उमटलेले ओरखडे स्वीडनमध्ये जागोजागी दिसत. पण हे हिमयुग आले कशामुळे आणि संपले कशामुळे? याचे उत्तर वातावरणातील कार्बन डायऑक्साइड या वायूत तर दडलेले नाही ना, असे अऱ्हेनियस यांना वाटू लागले.

या विचाराला आधार होता. वातावरण सूर्याचा प्रकाश आत येऊ देते, मात्र जमिनीतून परत निघणारी उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, ही कल्पना फ्रेंच गणिती फूरिए यांनी 1824 मध्ये मांडली होती. कार्बन डायऑक्साइडने भरलेले नळकांडे उन्हात ठेवले असता साध्या हवेच्या नळकांड्यापेक्षा अधिक तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने 1856 मध्ये प्रयोगाने दाखवले. उष्णता अडवण्याचे काम मुख्यतः बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू करतात, हे आयर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टिंडल यांनी 1859 पासूनच्या प्रयोगांतून सिद्ध केले. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले, की पहाटे कडाक्याची थंडी पडते. आभाळ ढगाळ असले, की रात्र उबदार जाते. हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. ढग जसे एका रात्रीपुरते पांघरूण घालतात, तसे हे वायू पृथ्वीवर कायमचे पांघरूण घालून असतात. त्यालाच पुढे हरितगृह परिणाम हे नाव मिळाले. मात्र हे पांघरूण जाड किंवा पातळ झाले तर तापमानात नेमका किती फरक पडेल, याचा हिशेब कोणी केला नव्हता.

डिसेंबर 1894 मध्ये, नाताळच्या सुमारास, अऱ्हेनियस यांनी तो हिशेब हाती घेतला. हवा किती उष्णता शोषते, याचे आकडे त्यांना अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ लँग्ली यांच्या निरीक्षणांतून मिळाले. लँग्ली यांनी चंद्राकडून येणारी उष्णता मोजली होती. चंद्र डोक्यावर असतो तेव्हा त्याचे किरण थोड्या हवेतून येतात आणि क्षितिजाजवळ असतो तेव्हा पुष्कळ हवेतून येतात. या दोन मापांतील तफावतीवरून हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी किती उष्णता अडवली, हे काढता येत होते. चंद्राचे तापमान जाणून घेण्यासाठी केलेल्या मोजणीतून पृथ्वीच्या तापमानाचा हिशेब करणे ही अऱ्हेनियस यांची सूझ होती.

त्यांनी पृथ्वीचे अक्षवृत्तांनुसार पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यासाठी आणि वर्षाच्या चारही ऋतूंसाठी त्यांनी स्वतंत्र गणित केले. कार्बन डायऑक्साइड एक-तृतीयांशाने कमी झाला तर काय होईल, दीडपट झाला तर काय, दुप्पट, अडीचपट, तिप्पट झाला तर काय, असे प्रत्येक वेळी नव्याने काढावे लागे. त्या काळी संगणक नव्हते. कागद आणि लेखणी यांच्या साहाय्याने त्यांनी हजारो आकडेमोडी केल्या. हे काम जवळजवळ वर्षभर चालले. याच काळात त्यांचा संसार विस्कटत होता. 1894 मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी सोफिया रूडबेक यांच्याशी विवाह केला होता. 1895 च्या अखेरीस मुलगा झाला, परंतु 1896 मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. त्या एकाकी दिवसांतही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही.

त्यांच्या गणिताचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. एका बदलातून दुसरा बदल कसा घडतो, हेही त्यांनी हिशेबात धरले होते. हवा थोडी तापली, की तिच्यात अधिक बाष्प मावते. बाष्प स्वतः उष्णता अडवणारे असल्यामुळे हवा आणखी तापते. तसेच पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परत फेकते. बर्फ वितळून काळी जमीन उघडी पडली, की ती अधिक उष्णता शोषते. आजचे हवामानशास्त्रज्ञही या दोन्ही क्रियांना मोठे महत्त्व देतात.

अऱ्हेनियस यांनी आपले निष्कर्ष डिसेंबर 1895 मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि 1896 मध्ये ते इंग्रजी नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. हवेतील कार्बन डायऑक्साइड जवळजवळ निम्मा झाला, तर युरोपच्या अक्षवृत्तांवरील तापमान चार ते पाच अंश सेल्सिअसने उतरेल आणि हिमयुग येण्यास तेवढे पुरेसे आहे, असे त्यांनी दाखवले. उलट तो दुप्पट झाला, तर तापमान पाच ते सहा अंशांनी चढेल. हा वायू जितक्या वेळा दुप्पट होईल, तितक्या वेळा तापमानात साधारण सारखीच भर पडेल, हा नियमही त्यांच्या गणितातून निघाला. उत्तरेकडील थंड प्रदेश उष्ण कटिबंधापेक्षा अधिक तापतील आणि दिवसांपेक्षा रात्रींवर अधिक परिणाम होईल, असेही त्यांनी सांगितले होते.

मूळ प्रश्न थंडीचा होता. तो उष्णतेकडे वळला तो त्यांचे सहकारी, भूगर्भशास्त्रज्ञ आर्विड ह्योगबोम यांच्यामुळे. ज्वालामुखी, खडकांची झीज, समुद्र, वनस्पती यांच्यातून कार्बन कसा फिरतो, याचा ह्योगबोम अभ्यास करत होते. हे करताना त्यांनी कारखान्यांत जळणाऱ्या कोळशाचाही हिशेब केला. त्या काळी जगात दरवर्षी सुमारे 50 कोटी टन दगडी कोळसा जाळला जात असे. त्यातून वर्षाला वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे एक-हजारांश इतका वायू हवेत मिसळत होता. हा आकडा लहान दिसतो, पण निसर्गातील कित्येक क्रियांच्या बरोबरीचा होता. लक्षावधी वर्षे जमिनीखाली गाडलेला कार्बन माणूस उकरून काढून हवेत सोडत होता. माणूसही आता ज्वालामुखीसारखी एक भूशक्ती बनला आहे, असाच त्या आकड्याचा अर्थ होता.

अऱ्हेनियस यांना या गोष्टीची धास्ती मात्र वाटली नाही. उत्सर्जित वायूचा मोठा भाग समुद्र शोषून घेईल आणि त्या वेळच्या वेगाने हवेतील कार्बन डायऑक्साइड दीडपट होण्यास सुमारे 3000 वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. कोळशाचा वापर झपाट्याने वाढत असल्याचे पाहून दहा-बारा वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हा काळ काही शतकांवर आणला. तरीही वाढत्या उबेचे त्यांनी स्वागतच केले. हवामान सौम्य होईल, थंड प्रदेशांत पिके जोमाने येतील आणि वाढत्या लोकसंख्येला अन्न मिळेल, अशी त्यांना आशा होती. 1867 ते 1869 या काळात थंडी आणि नापिकी यांमुळे स्वीडनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा अऱ्हेनियस आठ-दहा वर्षांचे होते. हिवाळ्याशी झुंजणाऱ्या देशातील माणसाला ऊब हे वरदान वाटावे, यात नवल नाही. परंतु आधीच उन्हाने होरपळणाऱ्या देशांच्या दृष्टीने या वाढीचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात आला नाही.

त्यांच्या सिद्धांताला लवकरच विरोध झाला. 1900 मध्ये स्वीडनमधीलच पदार्थवैज्ञानिक क्नुट ओंगस्ट्रॉम यांनी एका प्रयोगाच्या आधारे आक्षेप घेतला. हवेत आहे तेवढा कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मिळून शोषण्याजोगी उष्णता आधीच शोषून घेतात, मग त्यात आणखी भर पडल्याने काय फरक पडणार, असा त्यांचा मुद्दा होता. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला आणि अऱ्हेनियस यांचा हिशेब पुढील कित्येक वर्षे बाजूला पडला.

दरम्यान त्यांची कीर्ती दुसऱ्या कामामुळे जगभर पसरली. ज्या विचाराला विद्यापीठाने चौथी श्रेणी दिली होती, त्याच विचारासाठी 1903 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. 1905 मध्ये ते स्टॉकहोम येथील नोबेल संस्थेच्या भौतिक रसायनशास्त्र विभागाचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी मारिया योहान्सन यांच्याशी दुसरा विवाह केला. विषांवरील उतारे आणि लसी यांच्या रसायनशास्त्रापासून ग्रह-ताऱ्यांच्या उत्पत्तीपर्यंत अनेक विषयांत त्यांनी लेखन केले. सामान्य वाचकाला समजेल अशी त्यांची पुस्तके अनेक भाषांत वाचली गेली.

त्यांचा प्रत्येक विचार मात्र स्वीकारण्याजोगा नव्हता. त्या काळी युरोपात पसरलेल्या वंशशुद्धीच्या चळवळीला त्यांनी साथ दिली आणि 1909 मध्ये स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या तशा संस्थेचे ते सभासद होते. या विचाराचा शास्त्रीय पाया पोकळ होता आणि पुढे त्याच्या नावाखाली असंख्य माणसांवर अन्याय झाला. गणितात अचूक असलेला माणूस माणसांविषयीच्या निर्णयात चुकू शकतो, हे त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. उत्तरायुष्यात मात्र त्यांनी एका बाबतीत दूरदृष्टी दाखवली. कोळसा आणि खनिज तेल यांचे साठे मर्यादित आहेत, ते उधळू नयेत आणि ऊर्जेची दुसरी साधने शोधावीत, असे त्यांनी आपल्या लिखाणातून सुचवले. 2 ऑक्टोबर 1927 रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन उप्साला येथे करण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी हा विषय पुन्हा पुढे आला. 1938 मध्ये इंग्लंडमधील कॅलेंडर या अभियंत्याने जगभरातील तापमानाच्या नोंदी जुळवून पृथ्वी तापत असल्याचे दाखवले. पुढे 1950 च्या दशकात ओंगस्ट्रॉम यांच्या आक्षेपातील उणीव स्पष्ट झाली. पृथ्वीची उष्णता अखेर बाहेर पडते ती वातावरणाच्या उंच, विरळ आणि कोरड्या थरांतून. तेथे बाष्प फारच कमी असते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची भर पडली, की तेथील पांघरूण जाड होतच राहते. 1958 पासून अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हा वायू सतत मोजण्यास प्रारंभ केला. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे 315 रेणू होते. 2024 मध्ये ही संख्या 420 च्या पुढे गेली होती. यंत्रयुगापूर्वी ती 280 च्या आसपास होती.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांनीही साक्ष दिली. हिमयुगात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण उबदार काळाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतके उतरत असे. हिमयुगाची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतील संथ बदलांमुळे होते आणि हा वायू त्या बदलांचा परिणाम वाढवतो, असे आज मानले जाते. म्हणजे मूळ प्रश्नाचे अऱ्हेनियस यांनी दिलेले उत्तर अपुरे होते, पण चुकीच्या दिशेचे नव्हते. तापमानवाढीचा त्यांचा आकडा थोडा मोठा निघाला. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे तीन अंशांनी वाढेल, असा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाने 2021 मध्ये दिलेला अंदाज आहे.

सर्वांत मोठी चूक झाली ती काळाच्या अंदाजात. तीन हजार वर्षांत जेवढी वाढ होईल असे त्यांना वाटले होते, त्यातील बहुतांश वाढ सव्वाशे वर्षांत होऊन गेली. कारण निसर्गाचे नियम त्यांनी नीट ओळखले होते. माणसाची भूक किती वाढेल, हे मात्र त्यांना ओळखता आले नाही. त्यांच्या काळातील 50 कोटी टन कोळशाच्या जागी 2024 मध्ये जगात 800 कोटी टनांहून अधिक कोळसा वापरला गेला. खनिज तेल आणि वायू यांची त्यात भर पडली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार 2024 हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तापमानापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते.

हा दीड अंश सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. थंड देशात तो हिवाळा सुसह्य करतो, तर उष्ण देशात उन्हात राबणाऱ्या मजुराचे, कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि किनाऱ्यावरील कोळ्याचे जीवन अवघड करतो. ज्यांनी सर्वांत कमी कोळसा जाळला, त्यांनाच पुष्कळदा त्याची सर्वाधिक किंमत मोजावी लागते. अऱ्हेनियस यांच्या वहीत अक्षवृत्तांचे पट्टे होते. त्या पट्ट्यांत राहणारी माणसे हिशेबाबाहेर राहिली. तरीही त्यांचे ऋण मोठे आहे. पृथ्वीचे तापमान माणसाच्या कृतीशी बांधलेले आहे, ही गोष्ट त्यांनी आकड्यांत पकडून दिली. पुढची वाढ किती व्हावी, हे यापुढे किती इंधन जाळले जाते यावर अवलंबून आहे, असे त्यांचेच गणित सांगते. तेवढ्यापुरता हा हिशेब अजून माणसाच्या हातात आहे.